वेळापत्रकाला धक्का न लावणारं ध्यान

घोडबंदर रोडवरच्या आमच्या शाळेत पालक-शिक्षक संघापुढे एक प्रस्ताव आलाय. दहा व्हीआर (म्हणजे आभासी जग दाखवणारे) हेडसेट, ते चालवायला एक टॅब्लेट, अधूनमधून येणारा एक प्रशिक्षक आणि आठवी ते दहावीच्या मुलांसाठी 'माइंडफुलनेस'चा तास. मुलाने हेडसेट घालायचा, डोळ्यांपुढे जंगल किंवा समुद्राचा तळ उलगडतो, कानात एक संथ आवाज श्वास घ्या, श्वास सोडा म्हणत राहतो आणि बारा मिनिटांत सगळं आटोपतं. मुलांचा ताण उतरेल, अभ्यासात लक्ष लागेल, असं विकणाऱ्यांचं म्हणणं. खर्च अर्थातच पालकांचा. फीच्या पावतीवर 'वेलनेस' नावाचा एक रकाना वाढेल, एवढंच. शाळेचं नाव इथे महत्त्वाचं नाही. असे प्रस्ताव आज ना उद्या ठाण्यातल्या आणि नवी मुंबईतल्या बऱ्याच शाळांपुढे येतील, म्हणून हे चारचौघांत लिहितेय.

माझा या खरेदीला विरोध आहे. हेडसेट वाईट आहे, असं माझं म्हणणं नाही. तो फार सोयीचा आहे, हीच अडचण आहे. मुलांचं लक्ष ज्या गोष्टींनी उडालंय त्यातल्या एकीलाही हात न लावता 'आम्ही काहीतरी केलं' असं म्हणायची सोय तो शाळेला करून देतो, आणि आम्हा पालकांनाही.

आधी त्याच्या बाजूने जे बोलता येईल ते बोलते. व्हीआर हे काही जाहिरातवाल्यांनी सोडलेलं पिल्लू नाही. सिअॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी नव्वदच्या दशकातच भाजलेल्या रुग्णांवर हे वापरायला सुरुवात केली. जखमेची पट्टी बदलताना होणाऱ्या यातना भयंकर असतात. त्या वेळी रुग्ण 'स्नोवर्ल्ड' नावाच्या आभासी बर्फाळ दरीतून जात पेंग्विनांवर आणि बर्फाच्या माणसांवर गोळे फेकत असतो आणि तेवढा वेळ वेदना कमी जाणवते. उंचीची भीती घालवायला व्हीआर उपयोगी पडतं, हे बार्बरा रोथबॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1995 मध्ये दाखवलं. 2021 च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, जुनाट कंबरदुखीवरच्या एका घरगुती व्हीआर उपचाराला परवानगी दिली, तीही फक्त प्रौढांसाठी.

या सगळ्यांत काय आहे? एक रुग्ण आहे, त्याची नेमकी तक्रार आहे आणि उपचार ठरवून देणारं कुणीतरी आहे. भाजलेल्या माणसाचं मन जखमेवरून दुसरीकडे नेणं हाच तिथे उद्देश असतो. उंचीला घाबरणाऱ्याला त्याच्या भीतीपाशी हळूहळू नेलं जातं, आणि शेजारी मानसोपचारतज्ज्ञ बसलेला असतो. नववी ब, पटावर अठ्ठेचाळीस मुलं, तिसरा तास, ही परिस्थिती यांपैकी कशातच बसत नाही. तिथे कुणाला वेदना विसरायची नाही. उलट मुलांनी गणिताच्या पुस्तकावर मन आणावं, अशी अपेक्षा आहे.

प्रस्तावातला मूळ घोटाळा इथेच आहे. ध्यानाचा सराव म्हणजे शांत वाटणं, असं त्यात गृहीत धरलंय. आपल्यापासून दोन-अडीच तासांवर इगतपुरी आहे. तिथल्या धम्मगिरीवर दहा दिवसांचं शिबिर करून आलेला कुणीतरी तुमच्या ओळखीत असेलच. त्याला विचारा. पहिले तीन दिवस नाकपुडीपाशी येणारा-जाणारा श्वास बघत बसायचं, बाकी काही नाही. मन ऑफिसात जातं, भांडणात जातं, जेवणात जातं. ते गेल्याचं कधीतरी लक्षात येतं, परत श्वासावर आणायचं. पुन्हा जातं. जॉन कबाट-झिन यांनी 1979 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या वैद्यकीय विद्यापीठात रुग्णांसाठी सुरू केलेला आठ आठवड्यांचा अभ्यासक्रमही याच पायावर उभा आहे आणि त्यात घरी रोज सराव करावा लागतो. या सरावात कंटाळा येतोच, यायलाच हवा. कंटाळा आला की मन पळतं, आणि ते पळालंच नाही तर परत काय आणणार?

हेडसेटमध्ये मन पळू नये याची सगळी तजवीज केलेली असते. डावीकडून मासा जातो, उजवीकडून प्रकाशाचा झोत येतो, मान वळवली की आणखी काही दिसतं. अवधानाचा अभ्यास करणारे दोन गोष्टी वेगळ्या मानतात: बाहेरच्या हालचालीने, आवाजाने, रंगाने आपसूक ओढलं जाणारं लक्ष, आणि आपण होऊन एखाद्या गोष्टीवर धरलेलं लक्ष. पंधरा वर्षांच्या मुलाकडे पहिल्याची टंचाई नाही. रील्स त्यावरच चालतात. त्याला दुसरं जमत नाही, म्हणून तर आपण चिंतेत आहोत. आणि उपाय म्हणून आपण त्याला पुन्हा पहिलंच देणार, फक्त अधिक संथ आणि अधिक सुंदर करून. कडेवर बसून गडावर गेलेलं मूल वर पोचतं खरं, पण त्याच्या पायांना चढ माहीत होत नाही.

डेमोच्या दिवशी मी एव्ही रूममध्ये होते. हेडसेटचं वजन साधारण अर्धा किलो. चष्मेवाल्या मुलांची वेगळी रांग करावी लागली, कारण चष्म्यासकट तो नीट बसत नव्हता. काहींनी चष्मा काढून ठेवला आणि धूसरच जंगल पाहिलं. प्रत्येक मुलानंतर ओल्या पुसणीने आतली गादी पुसायची, तरी तेलाचा वास राहतच होता. एका मुलीच्या वेणीत पट्टा अडकला. आठवीतली एक लहानखुरी मुलगी पूर्ण वेळ दोन्ही हातांनी हेडसेट धरून बसली होती, सोडला की घसरायचा. एक मुलगा खुर्चीतल्या खुर्चीत गोल फिरत होता.

"बेटा, श्वासावर लक्ष दे, मान नको हलवू," प्रशिक्षक म्हणाले.

"सर, व्हेल कधी येणार?"

संपल्यावर 'कसं वाटलं' विचारलं तर सगळ्यांचं एकच उत्तर, भारी. दोघांना जरा मळमळलं. एकाने विचारलं, यात गेमपण आहेत का? (होते.) ती हेडसेट धरून बसलेली मुलगी मात्र बाईंना म्हणाली, "मिस, एवढा वेळ कोणी काही विचारलं नाही ना, ते बरं वाटलं."

प्रशिक्षकांनी हे वाक्य लगेच आपल्या यशाच्या खात्यात टाकलं. मला ते वेगळं ऐकू आलं. तिला समुद्राचा तळ आवडला असेलही, पण बरं वाटलं ते कुणी काही न विचारल्याचं. आणि बारा मिनिटं कुणी काही विचारू नये, एवढ्यासाठी दहा हेडसेट विकत घ्यावे लागत असतील तर वेलनेसच्या रकान्याआधी वेळापत्रकाचा कागद तपासायला हवा.

त्यावर येतेच. पण सादरीकरणात 'संशोधनाने सिद्ध' हे शब्द इतक्यांदा आले की त्याबद्दल थोडं. पहिल्याच स्लाइडवर गोल्डफिश होता: माणसाचं लक्ष आठ सेकंदच टिकतं, गोल्डफिशपेक्षाही कमी. हा आकडा 2015 च्या मायक्रोसॉफ्ट कॅनडाच्या एका विपणन अहवालातून जगभर पसरला. त्यामागे संशोधन नाही. माशाचंही नाही, माणसाचंही नाही. जी मंडळी पहिल्याच स्लाइडवर हे दाखवतात त्यांच्या पुढच्या स्लाइडकडे जपूनच पाहावं.

शाळेत माइंडफुलनेस शिकवल्याने काय होतं, याची सर्वात मोठी तपासणी ब्रिटनमध्ये झाली. 'मायरियड' नावाच्या या प्रकल्पात 80 हून अधिक शाळा आणि 8,000 हून अधिक मुलं होती, वय 11 ते 14 च्या आसपास. निष्कर्ष 2022 मध्ये आले. माइंडफुलनेसचे तास घेतलेली मुलं आणि शाळेचं नेहमीचं भावनिक-सामाजिक शिक्षण घेतलेली मुलं यांच्या मानसिक आरोग्यात फरक पडला नाही. मुलांनी घरी सराव फारसा केलाच नाही. ज्या मुलांना आधीच मानसिक त्रासाचा धोका जास्त होता, त्यांना याचा उपयोग झाला नाहीच, काहींच्या बाबतीत उलटा परिणाम झाल्याचे संकेत मिळाले. ही साधी, बिनयंत्राची पद्धत होती, शिक्षकांना रीतसर प्रशिक्षण देऊन राबवलेली. व्हीआरवरचे अभ्यास याच्या तुलनेत फार छोटे आहेत. बहुतेक महाविद्यालयीन मुलांवर, एखाद-दोन बैठकांचे, आणि बैठक संपल्या संपल्या 'आता कसं वाटतंय' असं विचारणारे. बरं वाटतं, असंच उत्तर येतं. वाटणारच.

लक्षाच्या बाबतीत आणखी एक अनुभव गाठीला आहे. एडीएचडी (लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा विकार) असलेल्या 8 ते 12 वर्षांच्या मुलांसाठी एका टॅब्लेटवरच्या खेळाला एफडीएने 2020 मध्ये मान्यता दिली. एंडेव्हरआरएक्स त्याचं नाव. 348 मुलांवरच्या चाचणीत, संगणकावर घेतलेल्या अवधान-परीक्षेत मुलं सुधारली. पण पालकांनी नोंदवलेल्या रोजच्या लक्षणांत, तेवढाच वेळ शब्दांचा साधा खेळ खेळलेल्या मुलांपेक्षा ती पुढे गेली नाहीत. म्हणजे खेळाच्या जवळची कसोटी सुधारते, घरातलं वागणं तिथल्या तिथेच. मेंदूच्या व्यायामाचे खेळ विकणाऱ्या लुमॉसिटीने नेमका याच्या उलट दावा केला होता, की आमचे खेळ खेळा, शाळेत आणि कामात हुशार व्हाल. 2016 मध्ये त्या कंपनीला फसव्या जाहिरातीच्या प्रकरणात अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी तडजोड करून 20 लाख डॉलर भरावे लागले.

आता साधा हिशेब. आठवी ते दहावी मिळून चारशे मुलं धरा. दहा हेडसेट, म्हणजे चाळीस तुकड्या. घालणं, पट्टे आवळणं, पुसणं, चार्जिंग धरून एका तुकडीला अर्धा तास. रोज दोन तुकड्या बसवल्या तर एका मुलाची पाळी महिन्यातून एकदा, परीक्षा आणि सुट्ट्या आल्या की तीही नाही. महिन्याकाठी बारा मिनिटांचं ध्यान! ज्या पद्धतीची आख्खी मदार रोजच्या सरावावर आहे, तिचा हा डोस. मी हे सभेत मांडलं तर उत्तर आलं, "मॅडम, सुरुवात तर होऊ दे." सुरुवातीला कुणाची ना नाही, पण या हिशेबात शाळेचा फायदा होतो कुठे, ते आधी बघा. माहितीपत्रकात फोटो छान येतो.

हेडसेटची खरी खुबी मला तिथेच दिसते. त्याच्यासाठी शाळेला काहीही बदलावं लागत नाही. एखादा ऑफ तास, एखादा पी.टी.चा तास, एक खोली. वेळापत्रक तसंच राहतं, बसची वेळ तशीच, क्लासची वेळ तशीच.

त्या वेळापत्रकात काय आहे? माझी मुलगी नववीत आहे. पावणेसहाला उठते, सहा पंचवीसला बस, सात दहाला पहिला तास. दुपारी दोनला घरी. साडेचारला नौपाड्यात क्लास, आणि घोडबंदर रोडला संध्याकाळी जे काही चालू असतं ते ओलांडून घरी यायला साडेआठ-नऊ. मग जेवण, शाळेचा गृहपाठ, क्लासचा गृहपाठ, आणि हो, फोन. झोपायला पावणेबारा. सहा तास झोप. अमेरिकेतल्या निद्राविकार तज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस 13 ते 18 वर्षांच्या मुलांसाठी 8 ते 10 तासांची आहे. तिच्या वर्गातली मुलं मी ओळखते. तिचा दिवस काही वेगळा नाही.

यावर घराघरांत ठरलेलं उत्तर असतं: लवकर झोपा. फोनचा दोष मी नाकारत नाही. पण वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं. झोपेची वेळ झाल्याचं शरीराला सांगणारं मेलाटोनिन उशिरा स्रवायला लागतं, रात्री झोप उशिरा येते आणि सकाळी उशिरा जाग येते. मेरी कार्सकॅडन यांच्यासारख्या संशोधकांनी हे अनेक वर्षांपूर्वी दाखवलंय. म्हणूनच अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2014 मध्ये माध्यमिक शाळा साडेआठच्या आधी भरवू नका असं सांगितलं, आणि कॅलिफोर्नियाने तर 2022 पासून हायस्कुलांसाठी तसा कायदाच लागू केला. आपल्याकडेही यावर विचार झाला, नाही असं नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य शासनाने आदेश काढला की वर्ग सकाळी नऊनंतर भरावेत, पण तो पूर्वप्राथमिक ते चौथीसाठी. लहानग्यांची झोप पुरी व्हावी हे उत्तमच. पण एका इमारतीत दोन सत्रं चालवणाऱ्या आमच्यासारख्या शाळेत त्याचा परिणाम काय झाला? लहान मुलं दुपारकडे सरकली आणि सातचं सत्र मोठ्यांच्या वाट्याला आलं. शरीरशास्त्राने ज्यांना उशिरा उठायला सांगितलंय नेमकी तीच मुलं अंधारात बसस्टॉपवर उभी.

झोप कमी पडली की सगळ्यात आधी मार बसतो तो एका गोष्टीवर टिकून राहण्याच्या क्षमतेवर. म्हणजे आपण ज्याला मुलांचं 'लक्ष नाही' म्हणतो त्याचा एक मोठा वाटा सहा पंचवीसच्या बसमध्ये आहे. अशा मुलाला अंधाऱ्या खोलीत बसवून डोळ्यांवर पट्टी बांधल्यासारखा हेडसेट चढवला आणि कानात संथ आवाज सोडला, तर ते पेंगणारच. आणि प्रशिक्षकाच्या नोंदवहीत 'विद्यार्थी शांत झाला' असं लिहिलं जाईल.

तीच गत खेळाची. आमच्या सोसायटीत चार टॉवर, एक क्लबहाउस आणि पोडियमवर पाटी: 'येथे बॉल खेळण्यास सक्त मनाई आहे.' शेजारच्या सोसायटीत तीच पाटी हिंदीत. शाळेच्या मैदानाचा निम्मा भाग बसगाड्यांनी खाल्लाय. दहावीचा पी.टी.चा तास जूनपासूनच गणिताच्या बाई मागून घेतात, पोर्शन संपवायचा असतो. हे सगळं जाणणारे पालकच सभेत विचारतात, मुलांची चंचलता वाढलीय, काय करावं?

त्या आभासी जंगलाबद्दलही बोललं पाहिजे, कारण आमच्या एव्ही रूमचा जाड काळा पडदा बाजूला केला तर मागे येऊरचा डोंगर दिसतो. राष्ट्रीय उद्यानाची ठाण्याकडची बाजू. नेरुळच्या शाळेत हाच प्रयोग झाला तर डीपीएस तलावावरचे फ्लेमिंगो तसेच हाकेच्या अंतरावर असतील, हेडसेटमध्ये मात्र परदेशातलं सरोवर. निसर्गात गेल्याने थकलेलं अवधान पुन्हा ताजं होतं, हा सिद्धांत रेचल आणि स्टीफन कॅप्लन या दांपत्याने 1989 मध्ये मांडला. हेडसेटवाले त्याचाच आधार घेतात. पडद्यावरचा निसर्ग काहीच नसण्यापेक्षा बरा, हेही मी मान्य करते. रुग्णालयात खाटेला खिळलेल्या मुलासाठी तो आशीर्वादच. पण ज्याला चालत जाऊन झाडाखाली बसता येतं त्याला तो कशाला? शिवाय डोळ्यांचा प्रश्न आहेच. हेडसेटमधलं चित्र डोळ्यांपासून एकाच ठरावीक अंतरावर भासतं. दृश्य जवळ आलं की बुबुळं आत वळतात, पण भिंगाचा फोकस तिथेच राहतो. या ओढाताणीने डोळे थकतात, डोकं जड होतं. तैवानने शाळकरी मुलांचा चष्मा रोखायला 2010 पासून जो कार्यक्रम राबवला तो मुलांना रोज दोन तास उघड्यावर नेण्याचा आहे.

मग मुलांना येऊरला का नेत नाहीत? मी हा प्रश्न विचारला आहे. पालकांची परवानगीपत्रं, वनखात्याची परवानगी, दोन शिक्षक, प्रथमोपचार पेटी, बस, आणि एखाद्याला मधमाशी चावली तर जबाबदार कोण. एकही अडचण खोटी नाही. हेडसेटला परवानगीपत्र लागत नाही, एवढाच त्याचा येऊरवर विजय.

खरं तर परवानगीपत्र त्यालाच लागायला हवं. मुलाची मान कशी हलते, हात कसे वळतात, याची नोंद हे यंत्र सतत घेतं. 2023 मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या संशोधकांनी दाखवलं की डोक्याच्या आणि हातांच्या हालचालींच्या अवघ्या 100 सेकंदांच्या नोंदीवरून 50,000 हून अधिक जणांतून नेमका माणूस 94 टक्के अचूकतेने ओळखता येतो. आपल्या 2023 च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्या मुलाच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती लागते. आमच्या प्रस्तावात त्याचा उल्लेखही नव्हता. या यंत्रांच्या बाजारातली सर्वात मोठी कंपनी मेटा आहे, म्हणजे इन्स्टाग्रामचीही मालक. मुलांना व्यसन लावणारी रचना केली म्हणून 2023 मध्ये अमेरिकेतल्या 40 हून अधिक राज्यांनी तिच्यावर दावे दाखल केले, आणि त्याच वर्षी तिने हेडसेट वापरण्याची किमान वयोमर्यादा पालकांच्या संमतीने 13 वरून 10 वर आणली. लक्ष विस्कटवून नफा आणि ते गोळा करून देण्याचाही नफा, असा हा व्यवहार आहे. माझ्या दृष्टीने एवढंही सभेत हात वर करायला पुरेसं होतं.

सभेत एका बाबांनी केलेला प्रतिवाद मात्र मला गंभीर वाटतो. "अहो, नुसतं डोळे मिटून बसा म्हटलं तर ही मुलं बसतात का? हेडसेटमुळे निदान बसतील." खरं आहे. शासनाचा 'मित्र' उपक्रम आठवा, शाळांमध्ये रोज दहा मिनिटं आनापान, म्हणजे श्वास बघत बसणं. जिथे वर्गशिक्षक स्वतः मनापासून बसतात तिथे मुलं बसतात, जिथे शिक्षक त्या दहा मिनिटांत वह्या तपासतात तिथे मुलं एकमेकांना चिमटे काढतात. दोन्ही मी पाहिलंय. आणि काही मुलांना डोळे मिटणंच झेपत नाही. मिटले की नको ते आठवतं, छाती धडधडते. अशा मुलांसाठी श्वासावर चालणारे व्हीआर खेळ तयार होत आहेत. नेदरलँड्समध्ये 'डीप' नावाच्या खेळावर संशोधन झालंय. त्यात पोटाला पट्टा बांधतात आणि खोल श्वास घेतला तरच पाण्याखाली पुढे जाता येतं. इथे मुलाला स्वतः काहीतरी करावं लागतं, नुसतं बघत राहता येत नाही. म्हणून मला यात अर्थ दिसतो. पण हे प्रयोग थोड्या मुलांवरचे आहेत, आणि अशा मुलाशेजारी त्याला ओळखणारं माणूस हवं. हेडसेट काढल्यावर जे वर येईल ते कुणाशी बोलायचं? महिन्यातून काही दिवस येणाऱ्या प्रशिक्षकाशी?

म्हणून माझा प्रतिप्रस्ताव आहे. पैसा गोळा करायचाच असेल तर तो माणसावर खर्च करा. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये स्पष्ट केलंय की 100 किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. ते निर्देश कोचिंग क्लासनाही लागू आहेत. आमच्या शाळेत समुपदेशक आहेत, आठवड्यातून एक दिवस, आणि त्या दिवशी त्यांना बऱ्याचदा अनुपस्थित शिक्षकांच्या तासावर पाठवलं जातं. ठाण्याला या क्षेत्राची ओळख नवी नाही. इथलं मनोरुग्णालय 1901 चं, आणि डॉ. आनंद नाडकर्णी यांनी मानसिक आरोग्यासाठी काम करणारी आयपीएच ही संस्था सुरू केली ती 1990 मध्ये. माणसं शोधली तर मिळतात. पूर्णवेळ समुपदेशक नेमा. त्यांना वाटलं की अमुक मुलाला श्वासाच्या व्हीआर खेळाचा उपयोग होईल, तर एक हेडसेट त्यांच्या कपाटात ठेवा. माझी हरकत नाही. उरलेल्या नऊंच्या पैशांत शिक्षकांसाठी काहीतरी करा. मायरियडच्या त्या निराशाजनक निकालांत एक उजवी बाजू होती: शिक्षकांचं स्वतःचं प्रशिक्षण झाल्यावर निदान काही काळ त्यांचा थकवा कमी झाला होता. साठ-साठ वह्यांचे गठ्ठे घरी नेणाऱ्या बाईंना त्याची गरज मुलांइतकीच आहे. आणि तोवर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक, चोवीस तास आणि विनामूल्य चालणारा, प्रत्येक वर्गाच्या फळ्याशेजारी लावा. त्याला तर कागदाचाच खर्च.

दुसरी मागणी वेळापत्रकाची. आठवी ते दहावीचा पहिला तास सात दहाऐवजी आठला सुरू करा. पी.टी.चा तास कुणालाही, गणितालाही, उधार देऊ नका. मधल्या सुट्टीनंतर वीस मिनिटं अशी ठेवा की मुलांना काहीच सांगायचं नाही, श्वास घ्या असंही नाही. ज्याला बसायचंय त्याने बसावं, ज्याला मैदानात जायचंय त्याने जावं. डेमोतल्या त्या हेडसेट धरून बसलेल्या मुलीने जे मागितलं होतं ते यापेक्षा जास्त नव्हतं.

यावर व्यवस्थापनाचं उत्तर असं, की आठची वेळ शक्य नाही. बसचा कंत्राटदार त्याच गाड्या साडेसातनंतर दुसऱ्या शाळेला देतो. पालकांपैकी काहींनाही ते नको आहे, कारण त्यांना स्वतःला पावणेआठची लोकल पकडायची असते. आणि क्लासवाले म्हणतात, शाळा उशिरा सुटली तर आमची बॅच रात्री नऊपर्यंत जाईल. या अडचणी मी कमी लेखत नाही. त्या कंत्राटाच्या, गाड्यांच्या आणि बॅचच्या अडचणी आहेत, तशाच सोडवाव्या लागतील. कंत्राटाचं नूतनीकरण मार्चमध्ये आहे. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर हेडसेटच्या आधी बसच्या वेळेचा विषय घ्यावा, असं पत्र मी अकरा पालकांच्या सह्यांनिशी दिलं आहे.